घाटावरचं मूर्तिदान आणि निर्माल्य संकलन: क्लबने हिशेब कुठून सुरू करायचा

प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातला चाळीस सदस्यांचा सेवा क्लब अनंत चतुर्दशीला नदीघाटावर निर्माल्य संकलन आणि मूर्तिदान केंद्र चालवणार आहे. तीनेकशे घरगुती गणपती येतील असा अंदाज आहे. माणसं किती लागतील, सामान काय घ्यायचं, लोक मूर्ती द्यायला तयार होतील का, आणि टी-शर्ट छापावेत का?

सुरुवात घाटापासून करू नका, दुसऱ्या दिवशी सकाळपासून करा. घाटावर जमलेलं निर्माल्य आणि मूर्ती शेवटी कुठे जाणार, हे लेखी ठरलेलं नसेल तर बाकीचं सगळं नियोजन कागदावरच राहतं. रात्री साडेअकराला चालक विचारतो, "गाडी कुठं खाली करायची?" त्या वेळी नगरपालिकेत फोन उचलायला कोणी नसतं. मग निर्माल्य कचरा डेपोवर जातं, सकाळी त्याचे फोटो गावभर फिरतात आणि पुढच्या वर्षी लोक थेट नदीत सोडतात.

वजन धरा. रोजचं निर्माल्य रोज घरच्या कुंडीत टाकणारी घरं एक-दीड किलो आणतात. दहा दिवसांचं पिशवीत साठवून आणणारी चार-पाच किलो. तीनशे घरांना सरासरी दोन किलो धरलं तर सहाशे किलो होतात, म्हणजे दाबून भरलं तरी दोन-अडीच घनमीटर. छोटा हत्ती टेम्पो साडेसातशे किलो वाहतो खरा, पण फुलं वजनाआधी जागा खातात, तेव्हा दोन खेपा धराच. गोणपाटाची पोती वापरू नका. ओली फुलं पोत्यात रात्रभरात तापतात, सकाळपर्यंत त्यांचा लगदा होतो आणि पोतं उचललं की पाणी पायावर. मार्केट यार्डात भाजीचे जाळीदार क्रेट भाड्याने मिळतात, ते घ्या. हवा खेळते, एकावर एक रचता येतात, भरलेला क्रेट एकटा माणूस उचलतो. पन्नास-साठ क्रेट पुरतात.

खत करणार असाल तर जागा आधी तयार ठेवा. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच असे विटांचे दोन जाळीदार हौद सहाशे किलोंना पुरतात. झेंडू आणि दूर्वा पाण्याने भरलेल्या असतात. नुसत्याच भरल्या तर आतली हवा संपते आणि चौथ्या दिवशी शेजारी तक्रार घेऊन येतात. म्हणून आधी एक दिवस ताडपत्रीवर पसरून वाळवा, मग दोन घमेली निर्माल्याला एक घमेलं वाळका पाला किंवा लाकडाचा भुसा असं मिसळा आणि विरजण म्हणून जुनं खत किंवा शेणकाला घाला. चार-पाच दिवसांनी खालवर करा. आत हात घालवणार नाही इतकी धग लागली तर काम नीट चाललं आहे. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर भुसा कमी पडला आहे. दोन महिने धरा. लोक घटस्थापनेसाठी हे खत मागायला येतात, तेव्हा ते अर्धकच्चं असतं, देऊ नका. आणखी एक: हौदाच्या कडेला धग पोचत नाही, तिथल्या दूर्वा मरत नाहीत, खत कुंडीत गेलं की प्रत्येक पेरातून रुजतात. कडेचं मधे घेणं म्हणूनच टाळता येत नाही.

आता मूर्ती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांचा रोख प्लास्टर ऑफ पॅरिसच्या विरोधात आहे, आणि पीओपी मूर्तींच्या विसर्जनावर उच्च न्यायालयाचे आदेश वेळोवेळी येत असतात. त्यामुळे गेल्या वर्षीच्या माहितीवर चालू नका. यंदाचं परिपत्रक नगरपालिकेकडून मागून घ्या आणि दान आलेल्या मूर्ती कोणत्या खाणीत किंवा कोणत्या तलावात, कोणाच्या गाडीने, किती वाजता जाणार, हे मुख्याधिकाऱ्यांच्या सहीच्या पत्रात घ्या.

शाडू आणि पीओपी यांची सरमिसळ ही या कामातली सगळ्यात महागडी चूक. निव्वळ शाडू असेल तर ती माती मूर्तिकार आनंदाने परत घेतात, कारण भिजवून, गाळून, मळून पुन्हा मूर्ती होते. त्यात पीओपीचे तुकडे गेले की माती वाया. घरच्यांना विचारून भागत नाही. दुकानदाराने "शाडूच आहे" म्हटलेलं असतं आणि त्यांनी विश्वास ठेवलेला असतो. पाटावरून किंचित उचलून मूर्तीचा तळ बघा. पीओपी पांढरा, गुळगुळीत कवचासारखा, आतून पोकळ, बऱ्याचदा काथ्या चिकटलेला. टिचकी मारली की ठणठणीत वाजतो. शाडू करडा, जड, आतून बोटांचे ठसे दिसणारा, आवाज बद्द. तरी शंका राहिली तर तळाला ओलं बोट घासा. बोटाला करडा चिखल लागला तर शाडू. मात्र ही तपासणी आरतीआधी, मूर्ती टेबलावर ठेवतानाच, एका अनुभवी माणसाने करायची आणि पाटाला रंगीत फीत बांधायची. निरोप दिल्यावर मूर्ती उलटी करून बघणं घरच्यांना बरं वाटत नाही, आणि ते बरोबरच आहे.

ज्यांची पीओपी मूर्ती लहान आहे त्यांना घरीच विरघळवण्याचा पर्यायही सांगा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत दिली, पुणे महापालिका ती पावडर वाटते. प्रमाण सोपं आहे: मूर्तीच्या वजनाइतकी पावडर आणि पावडरीच्या दर किलोला पाच-सहा लिटर पाणी. त्याहून कमी पाण्यात पावडरच पूर्ण विरघळत नाही, मग मूर्ती काय विरघळणार? दागिने, कापड, प्लास्टिकचे मणी काढून मूर्ती प्लास्टिकच्या टबात ठेवायची, दर दोन-तीन तासांनी ढवळायचं, आणि किमान दोन दिवस द्यायचे. तळाला खडूसारखा गाळ बसतो, तो कॅल्शियम कार्बोनेट. वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट असतं, ते भरपूर पाणी मिसळून झाडांना घालता येतं. फसतं ते तीन ठिकाणी. लोक खाण्याचा सोडा आणतात, तो वेगळा. तांब्या-पितळेचं भांडं घेतात, ते अमोनियाने खराब होतं. किंवा वास येतो म्हणून बाथरूमचं दार बंद करून घट्ट झाकण लावतात. आत वायू तयार होत असतो, तेव्हा टब गच्चीत किंवा गॅलरीत, वरून नुसतं फडकं टाकून ठेवा. क्लबने ही पावडर पाच-सहा दिवस आधी वाटली तर घाटावरची गर्दी तेवढी कमी होते.

कृत्रिम हौद बांधणार असाल तर वीस बाय दहा फुटांचा, तीन फूट पाण्याचा हौद म्हणजे सतरा हजार लिटर: दहा हजारांचे दोन टँकर आणि सतरा टन ओझं. घाटाच्या उतारावर किंवा भराव टाकलेल्या जमिनीवर हा हौद एका बाजूला खचतो आणि ताडपत्री फाटते. सपाट, मुरलेली जागाच बघा. त्यात तीनशे पीओपी मूर्ती मावत नाहीत. एक फुटी मूर्तीचा तळ साधारण पाऊण चौरस फूट धरला तर दोनशे चौरस फुटांचा तळ अडीचशे मूर्तींतच भरतो, आणि त्यापुढची मूर्ती आधीच्या मूर्तीवर ठेवावी लागते. ते दृश्य कोणत्याही भाविकाला बघवत नाही. म्हणून पीओपी मूर्ती तीनदा बुडवून बाहेर घ्यायची आणि कनातीमागे, गवत अंथरलेल्या जागेत, उभी ठेवायची. हौदात राहणार फक्त शाडू, तोही शक्य असेल तर वेगळ्या छोट्या हौदात. उत्सव संपल्यावर पाणी दोन दिवस निवळू द्या, वरचं पाणी पालिका सांगेल तिथे सोडा. ते नदीत सोडलं तर सगळा खटाटोप कशासाठी केला? आणि हौद आठवडाभर तसाच ठेवू नका, भाद्रपदात डासांना निमंत्रण लागत नाही.

गर्दी अडते कुठे? सगळ्यांना वाटतं हौदावर. हौदावर एका मूर्तीला एक मिनिट लागतं. गर्दी अडते आरतीच्या टेबलावर. पाट ठेवणं, निरांजन लावणं, आरत्या, मंत्रपुष्पांजली, प्रसाद, फोटो: कितीही घाई केली तरी सात-आठ मिनिटं. एका टेबलावर तासाला जेमतेम आठ कुटुंबं होतात. तीनशेपैकी बहुतेक संध्याकाळी सहा ते दहा या चार तासांत येतात, म्हणजे तासाला पंचाहत्तर, म्हणजे दहा टेबलं आणि प्रत्येकावर एक माणूस. चाळीस सदस्यांच्या क्लबला हे झेपणार नाही. त्यापेक्षा टेबलं सलग जोडून वीस पाटांची जागा करा आणि दर पंधरा मिनिटांनी सामुदायिक आरती घ्या. तासाला ऐंशी मूर्ती होतात आणि चार-पाच स्वयंसेवक पुरतात. ध्वनिक्षेपकावर आरती म्हणणारा मात्र खणखणीत आवाजाचा आणि वेळेचं भान असलेला हवा. पाचवी आरती सुरू करणारा उत्साही माणूस रांग रस्त्यापर्यंत नेतो. शंभरेक माणसं एका वेळी उभी राहतील एवढी मोकळी जागा टेबलांपुढे सोडा, आणि येण्याची व जाण्याची वाट वेगळी ठेवा. वाट एकच असली तर रिकामा पाट घेऊन परतणारे आणि मूर्ती घेऊन येणारे समोरासमोर अडकतात.

लोक मूर्ती देतील का? देतात, पण प्रदूषणावरच्या भाषणाने नाही. मूर्ती घेऊन आलेला माणूस आधीच हळवा असतो, त्याला त्या घडीला शिकवू नका. त्याला हवं असतं ते तीन वेळा पाण्यात बुडवणं, ते त्याच्या डोळ्यांदेखत आणि जमेल तर त्याच्याच हातून झालं पाहिजे. दुसरं, विसर्जनानंतर पाटावर थोडी माती किंवा वाळू घेऊन घरी जायची रीत आहे. कृत्रिम हौदाच्या केंद्रांवर हीच गोष्ट हमखास विसरली जाते. नदीतली स्वच्छ वाळू भरलेलं एक घमेलं हौदाच्या बाहेर पडायच्या वाटेवर ठेवा आणि तिथे एक वयस्कर सदस्य बसवा, जो प्रत्येकाच्या पाटावर ओंजळभर वाळू घालेल. तीन फलकांनी होणार नाही ते काम हे घमेलं करतं. तिसरं, दान घेतलेल्या मूर्तींचा ढीग कोणाच्याही नजरेस पडता कामा नये. टेम्पोत गवताचा जाड थर, मूर्ती उभ्या, दोन ओळींमध्ये वाळूच्या पिशव्या, वरून स्वच्छ कापड. मूर्ती देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांच्या पायात चपला नकोत हे सांगायला लागू नये, पण ओल्या फरशीवर अनवाणी चालायचं असेल तर तिथे गोणपाट अंथरलेलं हवं.

दागिन्यांबद्दल टेबलावरच्या माणसाने प्रत्येकाला मोठ्याने विचारायचं: "मुकुट, हार, चांदीच्या दूर्वा काढल्या का?" घरचे घाईत विसरतात आणि तासाभराने हौदाशी येऊन उभे राहतात. काढायचं काम घरच्यांनीच करायचं, स्वयंसेवकाने मूर्तीच्या अंगावरच्या वस्तूला हात लावायचा नाही. हा नियम स्वयंसेवकाच्या संरक्षणासाठी आहे.

निर्माल्याच्या टेबलावर एकच नियम कडक ठेवा: बंद पिशवी क्रेटमध्ये जाणार नाही. पिशवी समोर रिकामी करायची, ती परत द्यायची किंवा वेगळ्या डब्यात टाकायची. क्रेटमध्ये गेलेली बंद पिशवी सकाळी उघडायला कोणी बसत नाही. फुलं-पत्री एकीकडे, कापसाची वस्त्रं, दोरे, जरीच्या पट्ट्या, अगरबत्तीच्या काड्या दुसरीकडे, मोदक-करंज्या आणि फळं झाकणाच्या बादलीत, कारण अन्न निर्माल्यात गेलं की रात्री कुत्री क्रेट उलथवतात. नारळ वेगळे. ओवलेला हार असेल तर गाठ कापून दोऱ्याचं एक टोक धरून ओढा, फुलं आपोआप घरंगळतात. गुंफलेला हार असा सुटत नाही, त्याचे वीतभर तुकडेच करावे लागतात. दोरा तसाच राहिला तर खतासाठी निर्माल्याचे तुकडे करणाऱ्या यंत्राच्या पात्याला गुंडाळून ते बंद पडतं. हारांत तारा आणि टाचण्या असतात, त्यामुळे रबरी जाड हातमोजे घ्या. दवाखान्यातले पातळ मोजे पहिल्या दहा मिनिटांत फाटतात.

माणसांचा हिशेब: सामुदायिक आरती धरून आरतीला पाच, मूर्ती तपासायला एक, हौदावर दोन जोड्या आणि एक बदली जोडी, निर्माल्यावर सहा, कनातीमागे दोन, रांगेवर दोन, गाडी आणि प्रथमोपचार मिळून दोन, वाळूवर एक, आणि हातात काहीही काम नसलेला एक समन्वयक. पंचवीस-सव्वीस होतात, एका पाळीला. चाळीस सदस्यांतले त्या दिवशी पंधरा येतील असं धरा, कारण त्यांच्याही घरी गणपती आहे आणि निम्मे कुठल्या ना कुठल्या मंडळाचे कार्यकर्ते आहेत. उरलेली माणसं महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेतून आणा. त्या विद्यार्थ्यांना वर्षाला १२० तास काम नोंदवायचं असतं, पण त्यासाठी कार्यक्रम अधिकाऱ्यांना महिनाभर आधी पत्र आणि नंतर तासांसह हजेरी द्यावी लागते. मुलामुलींना पहिली पाळी द्या, तीन ते सात, आणि घरी जायची सोय क्लबने करायची. दुसरी पाळी सात ते अकरा. तिसरी पाळी दुसऱ्या दिवशी सकाळी सात ते दहा, आणि तिला नेहमीच कोणी नसतं. क्लबमधले सगळ्यात भरवशाचे सहा जण रात्री लवकर घरी पाठवा आणि सकाळी बोलवा. काठाला परत आलेल्या मूर्ती, विखुरलेली फुलं, क्रेटची परतफेड, हे त्यांचं काम.

दीड दिवसाच्या विसर्जनाला छोटं केंद्र लावून बघा, ती रंगीत तालीम. गौरीबरोबर गणपती पाठवणारी घरं तुमच्या गावात किती आहेत तेही पाहा. गौरींचं विसर्जन मूळ नक्षत्रावर होतं, अनेक गावांत त्या दिवशी अनंत चतुर्दशीइतकीच घरगुती गर्दी असते आणि क्लब मात्र घरी असतो.

सुरक्षेत तडजोड नको. क्लबचा कोणीही, पट्टीचा पोहणारा असला तरी, नदीत उतरणार नाही. ते काम पालिकेने नेमलेल्या जीवरक्षकांचं. पाटबंधारे विभागाकडून धरणातल्या विसर्गाची माहिती दुपारी आणि संध्याकाळी विचारून घ्या, भाद्रपदात पाणी तासाभरात पायऱ्या चढतं. हॅलोजनच्या तारा जमिनीवरून नेऊ नका, आणि मंडपवाल्याच्या जोडणीत तीस मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारं बटण) आहे ना ते स्वतः बटण दाबून तपासा. पायाला जखम असलेल्याने चिखलात काम करू नये, लेप्टोस्पायरोसिसचा धोका खरा आहे, बाकीच्यांना गमबूट. गर्दीत मोबाइल चालत नाहीत, म्हणून हरवलेलं मूल कुठे आणायचं ती एक जागा ठरवून ध्वनिक्षेपकावरून सांगत राहा. रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२, आणि रुग्णवाहिकेची वाट टेम्पोने अडवलेली नाही हे समन्वयकाने दर तासाला बघायचं.

परवानगीचं पत्र नगरपालिका आणि पोलीस ठाण्याला महिनाभर आधी द्या, आणि उत्सवाआधीच्या शांतता समितीच्या बैठकीला जा. मंडळांचे अध्यक्ष तिथे भेटतात, मिरवणुकीच्या वेळा कळतात, आणि तुमचं केंद्र कोणाच्या विरोधात नाही हेही सांगता येतं. वर्गणी घेणार असाल तर नोंदणीकृत न्यासाच्या पावतीवर घ्या; न्यास नसेल तर धर्मादाय कार्यालयाकडून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी लागते. प्राप्तिकर सवलतीसाठी ८० जी ची पावती मागणाऱ्याला आधीच सांगा की दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती सवलत नाही. हौदातली नाणी आणि जमलेले नारळ दोघांनी मिळून मोजायचे आणि वहीत लिहायचे. नारळ त्याच रात्री प्रसाद म्हणून वाटून टाका. ते दुसऱ्या दिवशी दुकानात दिसले तर संशय क्लबवरच येतो.

एक अडचण क्लबच्या रचनेतच आहे. रोटरी काय, लायन्स काय, वर्ष १ जुलैला सुरू होतं. नवा अध्यक्ष पदग्रहण, भेटी, सत्कार यांतून मोकळा होईपर्यंत श्रावण आलेला असतो, आणि परवानग्या, क्रेट, टँकर यांची जुळवाजुळव उरलेल्या मोजक्या आठवड्यांत उरकावी लागते. यावर उपाय एकच, प्रकल्पप्रमुख अध्यक्षाबरोबर बदलायचा नाही. तो तीन वर्षांसाठी नेमा आणि मे महिन्यातच कामाला लावा. उद्घाटन आणि पाहुणे दुपारी साडेतीनला उरकून घ्या. सहा वाजता फीत कापायला थांबलेली रांग तुमचं केंद्र विसरत नाही.

टी-शर्ट? रात्री घाटावर दिसत नाहीत, आणि पुढच्या वर्षी सालासकट कपाटात पडतात. त्याच पैशात चमकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटं घ्या, साल न छापता, पाठीवर मोठ्या अक्षरात कामाचं नाव: आरती, निर्माल्य, हौद, मदत. लोकांना क्लबचं नाव वाचायचं नसतं, कोणाला विचारायचं ते शोधायचं असतं. तीस जाकिटं दोन्ही पाळ्यांना पुरतात, पाळी बदलताना अंगातून काढून पुढच्याला द्यायची.